विध्वंसाला नाव देताना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर इंग्रजी शिकवलं आणि शब्दकोश उघडल्याशिवाय शब्द वापरू नये ही शिस्त विद्यार्थ्यांना लावली. त्यांच्या स्मृतीला शब्दांचाच विषय शोभेल असं मला वाटलं. म्हणून आजचा विषय आहे इंग्रजीतले नाशाचे शब्द. विषय मंगल नाही. पण सकाळी वर्तमानपत्र उघडलं की याच शब्दांशी आपली गाठ पडते, आणि ते पारखून घेतले नाहीत तर बातमी वाचूनही काय घडलं ते उमगत नाही.

माझी उमेदीची वर्षं मराठी दैनिकाच्या वृत्तविभागात गेली. वृत्तसंस्थांकडून आलेली इंग्रजी कॉपी रात्रपाळीला मराठीत आणायची, तीही पान सुटायच्या आत. युद्ध, भूकंप, दंगल, पूर, पाडापाडी. इंग्रजी मजकुरात नाशाला डझनावारी क्रियापदं असायची आणि मराठी मथळ्यात बहुतेक वेळा एकच शब्द, 'उद्ध्वस्त'. तो मथळ्यात बसतो, भारदस्त दिसतो, कुणाला खटकत नाही. पण त्या एका शब्दाने महापूर आणि सैन्य एकाच रांगेत उभे राहतात. मला आज जे सांगायचं आहे ते हेच: नाशाच्या शब्दात कर्ता असतो. शब्द चुकला की कर्ता निसटतो, आणि निसटलेल्या कर्त्याला कुणी जाब विचारत नाही.

इंग्रजीत हे शब्द बहुतेक बाहेरून आले. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकलं, कोर्टकचेरीची आणि दरबाराची भाषा बदलली, आणि पुढच्या पाच-सहाशे वर्षांत फ्रेंच आणि लॅटिनमधून शब्दांचा ओघ लागला. कप 'ब्रेक' होतो, लाकूड 'बर्न' होतं, ही घरातली जुनी क्रियापदं. 'डिस्ट्रॉय', 'डिमॉलिश', 'डेव्हस्टेट', 'अ‍ॅनायहिलेट' ही सारी बाहेरून आलेली मंडळी. प्रत्येकाच्या पोटात एक चित्र आहे. 'डिस्ट्रॉय'च्या मुळाशी रचणं आहे, म्हणजे रचलेलं उतरवून टाकणं. 'डिमॉलिश'च्या मुळाशी मोठं, अवजड बांधकाम आहे. 'रेझ'च्या मुळाशी खरवडणं आहे. दाढीचं 'रेझर' त्याच कुळातलं. 'डेव्हस्टेट'मध्ये ओसाडी आहे. 'इरॅडिकेट'मध्ये झाडाचं मूळ आहे, अगदी आपल्या 'निर्मूलन'सारखं. 'ऑब्लिटरेट'मध्ये अक्षर आहे. लिहिलेलं पुसून टाकणं हा त्याचा पहिला अर्थ. बोलणाऱ्याला ही चित्रं आठवत नसतात, तरी शब्दाच्या वापरावर त्यांची पकड राहते. इमारत 'डिमॉलिश' होते, जंगल होत नाही. देवीचा रोग १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं तेव्हा 'इरॅडिकेट' हाच शब्द वापरला गेला, कारण रोग मुळासकट उपटायचा असतो.

यातला 'रुइन' हा शब्द मला सगळ्यांत फसवा वाटतो. त्याच्या मुळाशी पडणं आहे. कोसळणं. पाडणारा त्यात नाही. म्हणून जुन्या इमारतींच्या अवशेषांना इंग्रजीत 'रुइन्स' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात काळ येतो, पाऊस येतो, भिंतीतून उगवलेला पिंपळ येतो. माणूस येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांना हिंदुस्थानातले 'रुइन्स' फार आवडत. त्यांची चित्रं काढली गेली, त्यांवर हळवं लेखन झालं. रायगडावर आज आपण जे चौथरे आणि उघड्या भिंती पाहतो त्यांनाही इंग्रजीत 'रुइन्स' आणि मराठीत 'अवशेष' म्हणतात. तिथले वाडे केवळ वयोमानाने पडलेले नाहीत. १८१८ च्या मे महिन्यात कंपनीच्या फौजेने गडावर तोफांचा मारा केला, गोळ्यांनी आग लागली, वाडे जळाले आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. पावसाने आणि दुर्लक्षाने पुढचं काम केलं. ज्यांनी जाळलं त्यांच्याच भाषेने पुढे त्या जागेला 'पडलेलं' म्हटलं. आपण 'अवशेष' म्हणतो तेव्हा आपणही तेच करतो.

आता वृत्तविभागातलाच एक प्रश्न घेऊ. पुराने गाव 'डेव्हस्टेट' होतं, वादळानेही होतं. 'रेझ' करायला मात्र माणूस लागतो, निदान आग तरी. 'रेझ' म्हणजे जमिनीवर काही उभं राहू न देणं. यासाठी मराठीत 'उद्ध्वस्त' कमी पडतो. 'जमीनदोस्त' किंवा 'भुईसपाट' नेमका बसतो. 'डेव्हस्टेट'साठी 'उजाड' आहे, 'ओसाड' आहे, आणि 'बेचिराख' आहे. हा 'बेचिराख' मूळचा फारसी 'बेचिराग', जिथे दिवा लागत नाही ते. जुन्या महसुली कागदांत वस्ती उठून गेलेल्या गावाला हाच शब्द आहे. त्यात आग नाही, मनुष्यवस्तीचा अभाव आहे. पुढे मराठी कानाला त्यात 'राख' ऐकू येऊ लागली आणि गाव बेचिराख झालं म्हणजे जळून खाक झालं असा अर्थ रुळला. आपली भाषा या बाबतीत गरीब मुळीच नाही. धूळधाण, वाताहत, राखरांगोळी, नायनाट, नामशेष, उच्छेद, बीमोड, निर्वंश, शिरकाण. प्रत्येकाची जागा वेगळी आहे. बंडाचा बीमोड होतो, घराची राखरांगोळी होते, निघालेल्या लोकांची वाताहत होते. एवढी सामग्री हाताशी असताना रात्री अकरा वाजता आपण 'उद्ध्वस्त' लिहून मोकळे होतो.

'डेसिमेट'विषयी इंग्रजीत मोठा वाद आहे. रोमन सैन्यात भेकडपणा केलेल्या पथकाला ही शिक्षा असे. चिठ्ठ्या टाकायच्या, दहातला एक निवडायचा आणि उरलेल्या नऊ सोबत्यांनीच त्याला ठार मारायचं. इसवी सन पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसच्या बंडाच्या वेळी क्रॅससने ही जुनी प्रथा पुन्हा काढली. आज हा शब्द 'बहुतांश नष्ट करणं' या अर्थी वापरतात आणि शुद्धतावादी चिडतात. शब्दाचा अर्थ वाढला याबद्दल माझी तक्रार नाही. भाषा तशी चालतेच. मला हळहळ वाटते ती हा शब्द मूळचा शत्रूसाठी नव्हता हे विसरलं गेल्याची. आपल्याच माणसांना आपल्याच हातांनी मारायला लावून उरलेल्यांना शिस्त लावणं, या क्रौर्याला इंग्रजीत नेमका दुसरा शब्द नाही.

यानंतर एका अशा शब्दाकडे येतो ज्याचा जनक आपल्याला ठाऊक आहे. 'व्हँडलिझम'. व्हँडल हे टोळीवाले. गायसेरिकच्या नेतृत्वाखाली त्यांनी ४५५ साली रोम लुटलं, चौदा दिवस. त्या काळचा लेखक प्रॉस्पर सांगतो की पोप लिओच्या विनवणीमुळे जाळपोळ आणि कत्तल टळली. म्हणजे लुटारूंच्या तेव्हाच्या मापाने हे लोक काही सर्वांत वाईट नव्हते. पण तेराशेहून अधिक वर्षांनी, १७९४ साली, आबे आंरी ग्रेग्वार या फ्रेंच धर्मगुरूने त्यांचं नाव कायमचं डागाळलं. ग्रेग्वार क्रांतीच्या बाजूचे, राष्ट्रीय कन्व्हेन्शनचे सभासद, ज्यूंच्या नागरी हक्कांसाठी आणि गुलामगिरीविरुद्ध झगडलेले गृहस्थ. क्रांतीच्या नावाखाली पुतळे फोडले जात होते, ग्रंथ आणि चित्रं नासली जात होती, सँ-देनीच्या चर्चमधल्या राजांच्या कबरी उकरल्या गेल्या होत्या. ग्रेग्वार यांनी कन्व्हेन्शनपुढे याबद्दल अहवाल ठेवले आणि त्या कृत्याला 'व्हांदालिस्म' असं नाव दिलं. तो प्रकार संपवण्यासाठीच आपण तो शब्द घडवला, असं त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे.

पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या दर्शनी भागावर अठ्ठावीस राजांचे दगडी पुतळे होते. लोकांना वाटलं हे फ्रान्सचे राजे. खरं तर ते बायबलमधले ज्यूडाचे राजे. १७९३ मध्ये पुतळे खाली पाडले, मुंडकी छाटली. मुंडकी गेली ती गेलीच, असं जवळजवळ दोन शतकं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. १९७७ मध्ये पॅरिसमध्येच एका बँकेच्या इमारतीच्या आवारात खोदकाम चालू असताना त्यांतली एकवीस मुंडकी जमिनीखाली सापडली. आज ती क्लूनी संग्रहालयात आहेत. कुणाची नाकं तुटलेली, गालावर घाव, पण काहींवर जुन्या रंगाच्या खुणा अजून आहेत. 'व्हँडलिझम' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर ती मुंडकी दाखवावीत. माणूस वस्तूवर राग काढतो, तोही पुष्कळदा वस्तू ओळखून न घेता.

आणि ग्रेग्वार यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १७९४ मध्ये, जून महिन्यात, त्यांनी आणखी एक अहवाल मांडला होता. फ्रान्समधल्या प्रादेशिक बोली संपवून एकच फ्रेंच सर्वत्र कशी चालवावी, हा त्याचा विषय. त्याच्या शीर्षकातच बोलींसाठी जे क्रियापद आहे ते 'अ‍ॅनायहिलेट'चं फ्रेंच भावंड आहे. शून्य करून टाकणं. दगडी मूर्तींसाठी ज्यांचा जीव तुटला त्यांना ब्रेतों आणि ऑक्सितां बोलणाऱ्यांच्या जिभेवरच्या भाषेचा नाश हा नाश वाटला नाही. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी ज्या घरांतून बोलल्या जातात त्या घरांतल्या श्रोत्यांना याचा अर्थ मी उकलून सांगायला नको.

पुन्हा 'व्हँडलिझम'कडे येऊ. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. ग्रंथ, पोथ्या, चित्रं, कपाटं यांची नासधूस झाली. इंग्रजीत त्या कृत्याला 'व्हँडलिझम' म्हटलं गेलं, आणि ग्रेग्वार यांनी ज्या अर्थी शब्द घडवला होता त्या अर्थी तो अगदी नेमका होता. मराठीत आपण 'तोडफोड' म्हणालो. तोडफोड एसटी बसचीही होते. ज्ञानाच्या ठेव्यावरच्या हल्ल्याला मराठीत वेगळं नाव नाही, आणि ते नाव नसल्यामुळे ती घटनाही काचा फुटल्याच्या बातम्यांच्या रांगेत जाऊन बसली, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाने इंग्रजीला नाशाचे पुष्कळ शब्द दिले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहरावर बाँब टाकले. पाचशेहून अधिक माणसं मेली आणि सेंट मायकेलचं कॅथीड्रल आतून जळून गेलं. त्या मोहिमेचं जर्मन सांकेतिक नाव 'मूनलाइट सोनाटा' या अर्थाचं होतं, बेथोवनच्या रचनेवरून घेतलेलं. जर्मन प्रचारयंत्रणेने शहराच्या नावाचंच क्रियापद केलं: एखादं शहर 'कॉव्हेंट्री करून टाकणं'. हा शब्द क्रूर आहे, पण त्यात लपवाछपवी नाही. केलं ते बोलून दाखवण्याची मिजास त्यात आहे.

लपवाछपवी दुसऱ्या बाजूने केली. ३० मार्च १९४२ रोजी चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी त्यांना एक टिपण दिलं. जर्मनीतल्या एक लाखाहून अधिक वस्तीच्या अठ्ठावन्न शहरांवर बाँबफेक केंद्रित केली तर सुमारे एकतृतीयांश जर्मन जनता घरांना मुकेल, असा त्यातला हिशेब. हल शहराच्या अनुभवाचा त्याला आधार दिलेला होता: आप्त किंवा मित्र मरण्यापेक्षाही घर पडल्याने लोक जास्त खचतात, असं त्यात म्हटलं होतं. या धोरणासाठी इंग्रजीत जो शब्द रूढ झाला तो 'डीहाउसिंग'. घर काढून घेणं. ही घरं कामगारांची होती, दाटीवाटीची होती, आणि घर रात्री पाडायचं म्हणजे आतल्या माणसांसकट पाडायचं. शब्दात माणूस नाही. छप्पर आहे, भिंती आहेत, आकडेवारी आहे. पुढच्या वर्षी जुलैअखेरीस हाम्बुर्गवर आगीचं वादळ उठलं, पस्तीस ते चाळीस हजारांच्या घरात माणसं मेली. त्या मोहिमेचं नाव 'गोमोरा', बायबलमध्ये देवाने जाळलेलं शहर. मोहिमेचं नाव खरं बोललं, धोरणाचं नाव खोटं. मी ब्रिटिशांना नाझींच्या पंक्तीला बसवत नाही. नाझी राजवटीने तर साठ लाख ज्यूंच्या हत्येला 'अंतिम उत्तर' म्हटलं, जणू ते शाळेच्या वहीतलं गणित होतं. पण सभ्य लोकशाहीचं सचिवालयही असा शब्द घडवू शकतं, हे विसरता येत नाही.

जॉर्ज ऑरवेल यांनी १९४६ मधल्या एका निबंधात या रोगाचं निदान केलं आहे. पुढे व्हिएतनाममध्ये गावं जाळण्याला 'पॅसिफिकेशन' आणि पानगळीचं विष फवारण्याला 'डीफोलिएशन' म्हटलं गेलं. त्या फवारणीला विरोध करणाऱ्या आर्थर गॅल्स्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७० साली 'इकोसाइड' शब्द पुढे आणला. लपवणारा शब्द आणि उघडं पाडणारा शब्द एकाच जंगलातून निघाले.

आपल्याकडच्या महापालिकांची प्रसिद्धीपत्रकं वाचा. 'अनधिकृत बांधकामे निष्कासित करण्यात आली.' ज्यांच्या डोक्यावरून पत्रा गेला ते 'झोपडं तोडलं' म्हणतात, वार्ताहर 'तोडक कारवाई' म्हणतात, आणि पत्रक म्हणतं 'निष्कासन'. निष्कासन म्हणजे बाहेर काढणं. 'डीहाउसिंग'ची आठवण यावी असा शब्द. वर '-ण्यात आली' हा प्रयोग. मराठीतला हा प्रयोग कर्त्याला वाक्यातून हळूच उठवून बाहेर नेतो. अतिक्रमणं हटवायची नाहीत असं माझं म्हणणं नाही, आणि बाँबफेकीशी त्याची तुलनाही होत नाही. पण कुणी पाडलं, कोणत्या हुकमाने पाडलं, नोटीस दिली होती का, हे तीन प्रश्न त्या वाक्यात विचारताच येत नाहीत. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामांबाबत जो निकाल दिला त्यात पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली, आणि नियम मोडून घर पाडलं तर संबंधित अधिकाऱ्याने स्वखर्चाने भरपाई करावी असं बजावलं. पत्रकाने गाळलेला कर्ता न्यायालयाने वाक्यात परत आणून बसवला.

कर्त्याचाच प्रश्न एका भाषांतरात पाहा. अणुबाँबच्या संदर्भात शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांनी गीतेतल्या अकराव्या अध्यायाचा जो आधार घेतला तो सर्वांना ठाऊक आहे. ते बर्कलेला आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले होते. इंग्रजीत त्यांनी स्वतःला 'डेथ' आणि 'डिस्ट्रॉयर' म्हणवून घेतलं. मुळात 'काल' आहे आणि 'क्षय' आहे. मराठी कानाला क्षय म्हणजे झिजत जाणं: चंद्राचा क्षय, तिथीचा क्षय, फुफ्फुसांचा क्षय. तो काळाचा व्यवहार आहे आणि बोलणारा देव आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमात जे घडलं त्यात काळ नव्हता. विमान होतं, चमू होता, हुकूम होता. म्हणून मला वाटतं, या एका ठिकाणी इंग्रजी शब्द मूळ शब्दाहून अधिक प्रामाणिक आहे. 'डिस्ट्रॉयर'मध्ये करणारा लपत नाही. फक्त त्या करणाऱ्याने देवाचं वाक्य स्वतःकडे घ्यायला नको होतं.

आता ज्या शब्दासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. राफाएल लेमकिन हे पोलिश ज्यू वकील. जन्म १९०० चा. लव्हूव विद्यापीठात कायदा शिकत असताना, १९२१ मध्ये, बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने तलात पाशाला गोळी घातली. आर्मेनियन लोकांच्या संहाराचा तलात हा एक प्रमुख सूत्रधार. लेमकिन यांनी प्राध्यापकांना विचारलं, तलातवर खटला का नाही भरला? प्राध्यापक म्हणाले, शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर त्यात इतरांनी पडायचं कारण नाही. सार्वभौम राष्ट्राचंही तसंच. लेमकिन यांनी आत्मचरित्रात ही गोष्ट सांगितली आहे. एका माणसाला मारलं तर गुन्हा आणि लाखोंना मारलं तर सार्वभौमत्व, हे त्यांना आयुष्यभर पटलं नाही.

१९३३ साली माद्रिदला भरलेल्या कायदेपंडितांच्या परिषदेसाठी त्यांनी दोन नवे आंतरराष्ट्रीय गुन्हे सुचवले. एक 'बार्बरिटी', म्हणजे एखाद्या समाजावर हल्ला. दुसरा 'व्हँडलिझम', म्हणजे त्या समाजाची कला, ग्रंथ, वास्तू यांचा नाश. ग्रेग्वार यांचा शब्द लेमकिन यांनी कायद्यात आणायचा प्रयत्न केला. परिषदेने काही केलं नाही. १९३९ मध्ये पोलंड पडलं. लेमकिन लिथुआनिया, स्वीडन, तिथून रशिया आणि जपान असं करत १९४१ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पोहोचले. आई-वडील मागेच राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चर्चिल यांनी नभोवाणीवरून, आपण एका निनावी गुन्ह्यासमोर उभे आहोत अशा आशयाचं भाषण केलं. लेमकिन यांच्यापुढचा प्रश्न तोच होता.

१९४४ च्या नोव्हेंबरात त्यांचा ग्रंथ निघाला. व्याप्त युरोपात नाझींनी काढलेल्या हुकमांचा तो कोरडा, कायदेशीर संग्रह. त्याच्या नवव्या प्रकरणात एक नवा शब्द होता, 'जेनोसाइड'. ग्रीक 'जेनोस', म्हणजे वंश. लॅटिन 'साइड', म्हणजे हत्या. दोन भाषांचं कलम केल्याबद्दल पंडितांनी नाकं मुरडली. पण या शब्दात इंग्रजीतल्या इतर कुठल्याही शब्दात नव्हतं ते होतं. 'मॅसकर'मध्ये प्रेतांची संख्या आहे. 'एक्स्टर्मिनेट'मध्ये कीटकनाशकाचा वास आहे. 'होलोकॉस्ट' मूळचा देवाला दिलेली पूर्ण आहुती, आणि मारेकऱ्यांच्या भट्टीला आहुती म्हणणं अनेक ज्यूंना असह्य वाटतं. ते 'शोआ' म्हणतात. लेमकिन यांच्या शब्दात हेतू आहे. एखाद्या समाजाला समाज म्हणून संपवायचं, हे ठरवून केलेलं कृत्य. मेलेल्यांच्या संख्येवरून त्याचा निर्णय होत नाही, मारणाऱ्याच्या इराद्यावरून होतो.

युद्ध संपल्यावर लेमकिन यांना कळलं की त्यांच्या घराण्यातले एकोणपन्नास जण मारले गेले, आई-वडील त्यांत होते. न्युरेंबर्गच्या आरोपपत्रात त्यांचा शब्द आला, १९४६ च्या निकालपत्रात आला नाही. मग ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात ठाण मांडून बसले. ओळखपाळख नसलेल्या प्रतिनिधींना गाठायचं, पत्रं लिहायची, मसुदे द्यायचे. ११ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा असल्याचा ठराव केला. तो विषय आमसभेपुढे आणणारे देश तीन: क्युबा, पनामा आणि भारत. आपला देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. ही गोष्ट आपल्या शाळांतून शिकवली जायला हवी.

९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये करार संमत झाला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः अथवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू, अशी त्यातली व्याख्या. इंग्रजी मसुद्यात क्रियापद आहे ते सगळ्यांत साधं, 'डिस्ट्रॉय'. मात्र संस्कृतीचा नाश, लेमकिन यांचा १९३३ मधला दुसरा गुन्हा, वाटाघाटींत गळाला. त्याचं त्यांना फार दुःख होतं.

शब्द कायद्यात गेला की त्याला धार येते, आणि मग सरकारं तो उच्चारायला भितात. १९९४ मध्ये रुवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या पत्रकारांपुढे 'जेनोसाइडची कृत्यं' घडली असं म्हणत होत्या, पण 'जेनोसाइड' घडतं आहे असं सरळ म्हणत नव्हत्या. तो शब्द उच्चारला तर काहीतरी करावं लागेल, अशी धास्ती सरकारी टिपणांत नोंदलेली आहे. या करारातल्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पहिल्यांदा दोषी ठरवलं ते १९९८ मध्ये, रुवांडातल्या एका गावप्रमुखाला.

म्हणून माझी पत्रकार मित्रांना विनंती आहे. 'मॅसकर'ला 'हत्याकांड' किंवा 'नरसंहार' म्हणा, 'जेनोसाइड'ला 'वंशसंहार' म्हणा, आणि दोन्हींची सरमिसळ करू नका. प्रत्येक हत्याकांडाला वंशसंहार म्हणून शब्द स्वस्त करू नका, आणि खरोखर वंशसंहार चालू असताना 'हिंसाचार उसळला' असंही लिहू नका. हिंसाचार आपोआप उसळत नाही.

शेवटी आपल्या कायद्याकडे वळतो. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेलं आणि १८६० साली मंजूर झालेलं दंडविधान आपण दीडशेहून अधिक वर्षं वापरलं. त्यात मालमत्तेच्या नाशाला शब्द होता 'मिस्चिफ', आणि त्याचं अधिकृत मराठी 'आगळीक'. शेजाऱ्याचं कुंपण मोडणं ही आगळीक, गुरं मारणं ही आगळीक, आणि कलम ४३६ प्रमाणे राहतं घर पेटवून देणं हीसुद्धा आगळीकच, जन्मठेपेस पात्र. 'मिस्चिफ' जुन्या फ्रेंचमध्ये भारी शब्द होता, शेवट वाईट होणं अशा अर्थाचा. पुढे तो मुलांच्या खोड्यांवर आला, आणि कायद्यात मात्र तसाच राहिला. दंगलीत घरं पेटवणाऱ्यावर आपण ज्या नावाचा आरोप ठेवतो ते नाव आज खोडकर मुलाला शोभणारं आहे.

आणि ज्या नावाची खरी गरज आहे ते नाव आपल्या दंडविधानात कधी आलंच नाही. भारताने वंशसंहारविरोधी कराराला अंतिम मान्यता दिली ती २७ ऑगस्ट १९५९ रोजी. दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, लेमकिन न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने वारले. करार मान्य केल्यावर देशात तसा कायदा करणं हे पुढचं पाऊल होतं. ते पडलं नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट म्हटलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही त्रुटी तातडीने दूर झाली पाहिजे. त्यानंतर संपूर्ण दंडविधान नव्याने लिहिलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात 'मिस्चिफ'चं कलम आहे, क्रमांक ३२४. वंशसंहाराचं कलम नाही. जो विषय भारताने १९४६ मध्ये जगापुढे नेला, त्याचा कायदा भारतात व्हावा, ही मागणी आपण नागरिकांनी केली पाहिजे. तुमचे खासदार भेटतील तेव्हा त्यांना हे कलम कधी येणार, एवढं जरूर विचारा.